दोराचं वरचं टोक

मालवणच्या बंदरात कुणाचा नांगर खडपात, पाण्याखालच्या खडकांत अडकला, की हाक जायची गुरुदासला. कमरेला दोर बांधून तो बुडी मारी आणि नांगर सोडवून वर येई. या कामाची एक रीत होती. दोराचं वरचं टोक घरच्याच माणसाच्या हातात हवं. परक्याचा एक हात विडीकडे जातो, असं जुनी माणसं सांगत. गुरुदासचं टोक धरी त्याची बायको यशोदा. बाईमाणूस होडीत कशाला, म्हणून लोकांनी नाकं मुरडली, पण या दोघांनी कुणाला भीक घातली नाही. खालून तो एक हिसका देई, म्हणजे मी आहे. वरून ती एक देई, म्हणजे मीही आहे.

सत्तावन्न साली यशोदा तापाने गेली. तेव्हापासून तो दोर होडीतल्या आडव्या फळीला बांधू लागला. सवयीने खालून हिसका द्यायचा. फळी कसली उत्तर देतेय. घरी येऊन एकट्यापुरती पेज शिजवायची आणि भिंतीकडे बघत जेवायची. शेजारची हौसाबाई म्हणे, "मुंबैक जा झिलाकडे." मुलाकडे जायचं होतंच हो त्याला, जीव तुटत होता. पण न बोलावता जायचं कसं? मोडेन पण वाकणार नाही, अशातला माणूस.

त्रेसष्टच्या मे महिन्यात मुलगा सत्यवान आला, बायको सुभद्रा आणि सात वर्षांच्या जानकीला घेऊन, चारच दिवसांसाठी. तो गोदीत कामाला होता. तिथल्या एका खलाशाकडून त्याने पाण्यात घालायचा रबरी कडेचा चष्मा आणि तोंडात धरायची वाकडी नळी मिळवली होती. जानकीला समुद्राचा तळ बघायचा होता. गुरुदासने ठरवलं, होडीतच विचारायचं. घरात विचारावं तर मुलगा उठून अंगणात जाईल, होडीतून जाणार कुठे? "माका तुझ्यावांगडा न्हे," मला तुझ्याबरोबर ने, एवढंच तर म्हणायचं. आदल्या दिवशी चुलीसमोर बसून त्याने ते चारदा म्हणून पाहिलं.

किल्ल्यामागच्या खडपांपाशी पाणी नितळ होतं. सत्यवानने पोटाखाली हात देऊन जानकीला पाण्यावर धरलं. ती नळीतून फुसफुसत होती आणि मध्येच डोकं वर काढून सांगत होती, "आजोबा, निळा मासा." सुभद्रा पदराने ऊन अडवत होडीत बसली होती. मग बापलेक होडीत चढले आणि नातीने हट्टच धरला, आता आजोबांनी बघायचं.

चाळीस वर्षं तो तळ त्याने चुरचुरत्या डोळ्यांनी, धुरकटच पाहिला होता. नेहमीसारखा दोर कमरेला आणि फळीला बांधून, चष्मा लावून तो खाली गेला आणि थक्क झाला. जांभळी पोवळी, त्यांत शिरणारे पट्टेरी मासे, वाळूवर आपलीच सावली. सवयीने त्याने दोराला हिसका दिला.

वरून हिसका आला.

दोर सत्यवानने हातात धरला होता; लहानपणी आईशेजारी बसून तो हे शिकला होता आणि विसरला नव्हता. गुरुदासने पुन्हा दिला, पुन्हा आला. सहा वर्षांत एवढा आनंद त्याला झाला नव्हता. वर आला तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

आता विचारायचंच, म्हणून त्याने दम घेतला, तेवढ्यात सत्यवानच बोलला.

"बाबा, खरा सांगू? आमी तुमका मुंबैक न्हेवकच इलंव. हिणा सयपाकघरात खाट पण घालून ठेवली. पण आज तुमचा तोंड बघलंय आणि म्हटलंय, ह्या माणसाक हयसून हलवणा म्हणजे पाप."

अरे म्हाताऱ्या, बोल की आता. खाट घातलेली आहे, मुलगा समोर आहे, नात गुडघ्याला टेकून बसली आहे. एका शब्दाचं काम. पण पोराने इतक्या मायेने जे सांगितलं, ते खोटं कसं पाडायचं, हेच त्याला सुचेना.

"बरा केलंस," गुरुदास म्हणाला. "माका हयच बरा वाटता."

सुभद्रा त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती. पण तोवर तो पाठ फिरवून नांगर ओढू लागला होता.