विसाव्यावरचं बाकडं

ठाणं आणि कल्याण यांच्या मधल्या एका लहान स्टेशनावर मी चार वर्षं मास्तर होतो. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना माझा पुरेसा त्रास झाला आहे. रूळ तिथून कधीचे गेलेले होते, पण गाडी थांबू लागली ती बऱ्याच वर्षांनी. स्टेशन म्हणजे तरी काय, एक कौलारू खोली, तिला तिकिटाची खिडकी, पुढे मुरुमाचा फलाट, मागे विहीर आणि विहिरीला लागून माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पूर्वेला गाव, पश्चिमेला मिठागरं, त्यांच्यापलीकडे खाडी. गावाचं स्मशान खाडीकाठी होतं.

फलाटासाठी उंच, कोरडी जागा निवडली होती, आणि तशी जी एकच जागा होती तो नेमका गावाचा विसावा होता. तिरडी नेताना अर्ध्या वाटेत एकदा खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि पुढे निघतात, तीच ती जागा. फलाट झाला तरी गावाने विसावा हलवला नाही. भर दुपारी तिरडी फलाटावर चढायची, करंजाच्या सावलीत टेकायची आणि रूळ ओलांडून खाडीकडे जायची.

मी तेव्हा पंचविशीतला, देशावरून आलेला, नियमाला पक्का. एकदा तिरडीपुढे उभा राहून म्हणालो, "तिकिटाशिवाय फलाटावर यायचं नाही." कुणी भांडलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला वळसा घालून गेले. मग मी हट्टाने करंजाखाली, बरोबर त्या जागेवर, लाकडी बाकडं आणून ठेवलं. त्यानंतर तिरड्या बाकड्याच्या पुढ्यात टेकू लागल्या. बाकड्यावर मात्र कधी कुणी बसलं नाही. उतारू दुसऱ्या टोकाला उन्हात उकिडवे बसत आणि मी मनात म्हणे, बसा तिकडेच, अडाणी कुठले.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, नाशकाला निघाली, त्या दिवशी मीच तिला त्या बाकड्यावर बसवलं. सातवा महिना, त्यात ऊन मी म्हणत होतं. तिचा भाऊ न्यायला आला होता, तो सामानापाशी उभा होता. रोज आम्हाला भाजी देणारी म्हातारी आगरीण टोपली टाकून धावत आली.

"मास्तर, उठव तिला. यो इसावा हाय. हितून जो गेला तो माघारी येत नाय."

मी तिला हाकललं. बायकोने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "आज नको जाऊ का मी?" तेवढ्यात गाडी आली. चार लोकांदेखत म्हातारीचं ऐकायचं माझ्याच्याने झालं नाही. मी तिला गाडीत बसवून दिलं.

पाच महिन्यांनी ती परत आली. धडधाकट, मांडीवर मुलगी. मला म्हातारीला दाखवायची कोण घाई झाली होती. म्हातारी दारात आली, मुलीला पाहून तिचे डोळे भरले.

"बिनआयची पोर," ती मला म्हणाली. "कशी वाढवशील रं तू?"

बायको माझ्या शेजारीच उभी होती.

पुढे सगळं गाव तसंच वागू लागलं. ती विहिरीवर गेली की बायका तिच्या आरपार पाहत. काय हवं, काय नको, ते मला विचारत. एके दिवशी गावातली एक लेकुरवाळी आली आणि माझी बायको मुलीला पाजत असताना तिच्याच मांडीवरून पोरीला उचलून तिने आपल्या पदराखाली घेतलं, पोर उपाशी राहू नये म्हणून. कुणाच्या वागण्यात राग नव्हता, हेच मला सोसेना. माझ्या घरात मेलेल्या बाईचं सुतक ती माणसं फार हळव्या मनाने पाळत होती.

बायको वाळू लागली. मला विचारायची, "मी दिसते ना तुम्हाला?" मी चिडायचो. लिहायला लाज वाटते, पण एकदा उत्तर देण्याआधी मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

त्याच दिवशी मी म्हातारीच्या दारात गेलो. नियम, अक्कल, सगळं गुंडाळून ठेवलं आणि म्हणालो, "माझी बायको मला परत द्या."

"ती नाय येत परत," म्हातारी म्हणाली. "नवी जन्माला घालता येल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या बायका विहिरीवर जमल्या. मला तिकिटाच्या खोलीत बसवलं. त्यांनी तिला तान्ह्या मुलासारखं न्हाऊ घातलं, गोधडीत गुंडाळलं, दारातून न आणता मागच्या खिडकीतून घरात घेतलं. बाळाला सुपात ठेवतात तसं तिला सुपाशेजारी निजवून तिच्या कानात नाव सांगितलं, पाळणा म्हटला. हे मला मागाहून कळलं; खोलीत बसून मी आवाज तेवढे ऐकत होतो. थोड्या वेळाने त्या हसू लागल्या, आणि त्यांत तिचं हसणं मला ओळखू आलं. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. सुटलो असं वाटलं.

घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तोंडावर तेज आलं होतं. तेव्हा नवरे बायकोला नावाने हाक मारत नसत, पण त्या दिवशी मी मारली. लग्नात ताटातल्या तांदळांत बोटाने लिहून मीच ठेवलेलं नाव होतं ते. पहिल्या हाकेला तिने पाहिलंच नाही. मी पुन्हा हाक मारली. तिने मान वर केली आणि परक्या माणसाची समजूत घालावी तसं म्हणाली, "ती नाशकाहून आलीच नाही हो. फार जीव होता का तुमचा तिच्यावर?"