गिरणीतली बोली

माझ्या सासूबाई आवाज न काढता भांडायच्या. लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाहिलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, चुलीपाशी, मामाजी, म्हणजे सासरे, दारात, दोघांचे ओठ आणि हात जोरात चाललेले, आवाज मात्र कोणाचाच नाही. शेवटी मामाजी पाय आपटत निघून गेले. मी घाबरून यांना विचारलं, तर म्हणाले, "काई नाई, भाजीत मीठ जास्त झालं, असं म्हणून राहिले बाबा."

एकाहत्तरच्या लढाईच्या सुमारास अकोल्याच्या एका गिरणीत जवानांच्या खाकी कापडाचं काम जोरात होतं. माणसं कमी पडली म्हणून बायाही भरल्या, त्यात आई होत्या. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट एवढा, की शेजारणीच्या कानात ओरडून उपयोग नसायचा. म्हणून सगळे ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. मामाजी तिथेच कापड विणायला होते आणि लग्नाचं ठरलंही तसंच, न बोलता. "मोठ्यानं इचारलं असतं तं लाजला असता बिचारा," असं आई सांगायच्या. लढाई संपून काही वर्षांनी काम घटलं, बायांना घरी बसवलं, पण तोवर आईंचे कान निम्मे गेले होते. मग त्यांनी घर हातात घेतलं आणि तीन मुलं त्याच बोलीत वाढवली. मीही ती शिकले. माहेरी गेले की फोनवर बोलतानासुद्धा माझे हात चालायचे, सगळे हसून बेजार.

या सवयीनंच आमचा घात केला. माझी सुजाता दीड वर्षाची झाली. समोर जाऊन "भाकर पाहिजे?" विचारलं की हात पुढे करायची, "ये" म्हटलं की धावत यायची. किती हुशार पोरगी, म्हणून आम्ही सगळे खूश. मग मी तिला घेऊन माहेरी गेले. तिथे माझी आई स्वयंपाकघरातून हाका मारून थकली. एक दिवस पोरीच्या मागे पितळी परात पडली, आणि तिनं मान वळवली नाही. डॉक्टर म्हणाले, हिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि बोलायला शिकायचं वय चाललं निघून. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

अकोल्याला येऊन हे सांगितलं तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या. "माह्या हातवाऱ्यायनं लेकराचं नुसकान केलं," एवढंच बोलल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पण रडत बसणं त्यांना जमत नसे. पोरीला कानाचं मशीन आणलं, तर ती ते उपटून फेकायची. आईंनी स्वतः जन्मभर मशीनला नाही म्हटलं होतं. आता यांना म्हणाल्या, "मलेबी एक घेऊन दे. दोघी संगं लावू." सकाळी दोघी समोरासमोर बसून कानात मशीन घालायच्या. पोरगी आजीचं पाहून गप बसायची, वैताग सगळा आजीला. "हे पंख्याचं रडणं तुमी रोज आयकता? कसे राहता बाप्पा?"

दर आठवड्याला त्या नातीला बसनं अमरावतीला न्यायच्या, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे. बाईंनी बजावलं, हात न हलवता बोला, नाहीतर पोरगी ऐकायचा प्रयत्नच करणार नाही. झालं, नातीशी बोलताना आई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायला लागल्या. ज्या बाईचं निम्मं बोलणं हातात, तिला हे किती जड गेलं ते मी पाहिलंय. महिने गेले, पोरीच्या तोंडून शब्द नाही. शेजारणी हळहळायच्या आणि आई त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवायच्या.

आई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. सुजाता आता अमरावतीला कॉलेजात आहे, फोनवर माझ्याशी चांगली कडकडून भांडते. ती भांडायला लागली की मला सुखच वाटतं, आणि एक दुपार आठवते.

आई दाराकडे पाठ करून गहू निवडत होत्या. सुजाता अंगणातून आली, मागे थांबली आणि घसा ताणून, सगळा जीव एकवटून म्हणाली, "आ…जी."

आईंच्या हातातलं सूप कलंडलं, गहू घरभर झाले. त्या वळल्या, पोरीला मांडीवर ओढलं, पदरानं आधी तिचं आणि मग आपलं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "हळू बोल माय. आयकू येते मले."