ओळ मागं घेतली

मंगलाष्टकं लिहून द्यायची मला जुनी हौस. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर पलूस-तासगावकडची कितीतरी लग्नं माझ्या मंगलाष्टकांवर लागली. दोन्ही घरची नावं, आजोळ, मुलगा पलटणीत असला तर तेही, सगळं वृत्तात बसवायचं. त्याबद्दल नारळ आणि खण मिळायचा. अलीकडे बोलावणी आटली. मोबाइलमधल्या एआयला नावं सांगितली की चहाला उकळी फुटायच्या आत मंगलाष्टकं तयार. वृत्त लंगडतं, पण लाउडस्पीकरवर कुणाला कळतंय? मीही भांडायचं सोडून दिलं. कंटाळा आला होता.

थोरली बहीण गेली त्याच वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. तेव्हा मी एक ओळ लिहिली होती, आई आभाळातून अक्षता टाकते आहे अशा अर्थाची. लिहिताना रडले होते. पुढे कुणीतरी ती मंगलाष्टकं इंटरनेटवर चढवली, माझं नाव गाळून.

यंदा तासगावात आमच्या शेजारच्या द्राक्ष बागायतदारांच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं मोबाइलनंच केलेली. म्हणणाऱ्या करवलीनं ती आधी वाचूनही पाहिली नव्हती. अंतरपाट धरलेला असताना माझी ओळ आली, शब्दाला शब्द तीच. नवरीची आई धडधाकट, मुठीत अक्षता घेऊन समोर उभी. मांडवात कुजबुज सुरू झाली आणि तिचा उचललेला हात खाली आला.

संध्याकाळी मी पुण्यात असलेल्या माझ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ही यंत्रं सगळ्यांचं लिखाण वाचूनच शिकतात, हक्क कुणाचा यावर कोर्टात भांडणं चालू आहेत. शिवाय त्यांना वीज लागते, गार ठेवायला पाणीही लागतं. ओळ मूळची माझी, हे आणि मुलाचं बोलणं मी नवरीच्या वडिलांना सांगितलं, तर ते थकलेलं हसू हसले. म्हणाले, "आमी उन्हाळाभर बागंला टँकरनं पाणी घातलं. आन् तिकडं ह्ये बोलायला पाणी पितंय व्हय?"

आठ-दहा दिवसांनी नवरीची आई माझ्याकडे आली. तिला नीट जेवण जात नव्हतं. आमच्याकडे अशुभ शब्द तोंडून गेला, तर तो ज्याचा त्यानंच मागं घ्यायचा असतो.

"बाई, करवली म्हनती, मी नुस्तं वाचलं. मोबाइलला काय म्हनायचं? ओळ तुमची हाय. तुमीच मागं घ्या."

मी यात कुठं आले, असं म्हणता आलं असतं. ओळ माझ्या घरातून न विचारता उचलली गेली होती. उचलणाऱ्याला जाब विचारायला कुणी जात नाही, निस्तरायला मात्र माझं दार. रागही आला, पण तो धरून ठेवायचं त्राण नव्हतं. आणि तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती.

देवापुढच्या अक्षता आणून मी तिच्या डोक्यावर टाकल्या. म्हटलं, "ओळ माझीच आहे. ती मागं घेतली. आता ती कुणाचीच नाही."

तिनं पदरानं डोळे पुसले, पाणी प्यायली आणि हलकी होऊन गेली. मी दार लावलं. बहिणीसाठी मी आयुष्यात तेवढी एकच ओळ लिहिली होती.