सासरच्या मैदानावर लाइनमन

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार विचारला नाही, घर स्वतःचं की भाड्याचं तेही नाही. म्हणाले, "कोणता खेळ खेळता?"

मी कुठलाच खेळ खेळत नव्हतो. पण समोरच्या भिंतीवर त्यांचा फुटबॉल संघाबरोबरचा फोटो लावलेला होता, पोह्यांच्या बशा घेऊन मुलगी दारात उभी होती, आणि ती मला आवडली होती. मी म्हणालो, "फुटबॉल. कॉलेजात खेळायचो."

"कुठल्या जागेवर?"

"मागं."

"बॅकला. चांगलं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या बशीतला लाडू माझ्या बशीत ठेवला.

मामा छावणीत पाणीपुरवठ्याच्या कामाला होते. पहाटे व्हॉल्व्ह सोडायचे आणि संध्याकाळी जवानांबरोबर मैदानावर खेळायचे, ते चाळिशी उलटेपर्यंत. निवृत्तीनंतर ते तिथल्या स्पर्धेच्या कमिटीत गेले. आम्ही नाशिकहून दर दिवाळीच्या सुट्टीत यायचो आणि दर वर्षी ते मला मैदानावर चला म्हणायचे. पहिल्या वर्षी मी गुडघा दुखतो म्हणालो. मग तो गुडघा घरातलाच एक माणूस झाला. सासूबाई निघताना तिळाच्या तेलाची बाटली द्यायच्या. माझी मुलगी शाळेत सांगायची की पप्पांचा गुडघा मॅचमध्ये मोडला. बायकोलाही मी खरं सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं, आणि नंतर सांगायला फार उशीर झाला असं वाटू लागलं.

अकराव्या वर्षी मामा म्हणाले, "या खेपेला सगळ्यांनी यायचं. सेमीफायनल हाय. छावणी आणि पडेगाव. खेळायचं नाय, नुसतं बघायचं." नुसतं बघायला मी कशाला नाही म्हणू? आदल्या दिवशी पैठणला जाऊन धरण बघून आलो होतो, मुलगी खुशीत होती. दुपारी जेवून आम्ही सगळे चालतच मैदानावर गेलो.

मांडवात आमच्यासाठी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. येणारा-जाणारा मामांना जयभीम घालत होता, आणि मामा प्रत्येकाला माझी ओळख करून देत होते. मी बायको आणि सासूबाई यांच्या मधे बसलो होतो. मागं गल्लीतली दहा-बारा घरं बसली होती.

मॅच सुरू व्हायला थोडा वेळ असताना कळलं की एक लाइनमन, म्हणजे कडेच्या रेषेवरून झेंडा दाखवणारा पंच, तापानं झोपून आहे. मामा पंचाशी बोलायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळा झेंडा होता.

"जावईबापू, उठा."

"मामा, गुडघा."

"पळायचं थोडंच हाय? एका बाजूनं चालायचं. खेळलेल्या माणसाची नजर पाहिजे, बस."

बायको म्हणाली, "जा ना अहो, तेवढंच त्यांना बरं वाटेल." मुलीनं माझा हात धरून मला उभं केलं. तेवढ्यात माइकवरून सांगून झालंसुद्धा, की आजच्या सामन्यासाठी कॉलेजचे माजी खेळाडू, आपल्या काकांचे, म्हणजे मामांचे, जावई मदतीला येत आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बोलता आलं असतं. मला खेळ येत नाही, एवढंच बोलायचं होतं. पण मग मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी झेंडा घेतला.

पंच तरुण होता, एका शाळेत खेळाचा शिक्षक. तो म्हणाला, "सर, तुम्हाला काय सांगायचं. शेवटून दुसऱ्याच्या रेषेत राहा." शेवटून दुसरा कोण, हे मला कळलं नाही. तरी मी मान डोलावली.

पहिला अर्धा तास मी निभावला. चेंडू बाहेर गेला की झेंडा वर. कुणाचा चेंडू ते खेळाडू स्वतःच भांडून ठरवत होते. मी मुद्दाम थोडा लंगडत होतो, म्हणजे मागं राहिलो तरी कुणी काही म्हणणार नाही. छावणीनं एक गोल केला. मी मांडवाकडे बघितलं, मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आता एवढाच वेळ काढायचा, मग सुटलो.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. पडेगावच्या एकानं मधून लांब चेंडू मारला. त्यांचा एक तिशीतला, दाढीवाला खेळाडू धावत आला, चेंडू छातीवर घेतला आणि गोलात मारला. फार सुंदर मारला. मी त्या क्षणी रेषेत नव्हतो, बराच मागं होतो, आणि चेंडू निघाला तेव्हा बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे बघत होतो. माझ्या पाठीमागं छावणीचे लोक बसले होते. ते एकदम ओरडले, "ऑफसाइड, ऑफसाइड, झेंडा दाखव." म्हणजे चेंडू मारला तेव्हाच तो बचावाच्या पुढं उभा होता, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. पंचानं माझ्याकडे बघितलं. माझा हात वर गेला. मी तो वर केला असं मला आजही म्हणवत नाही, पण हात माझाच होता.

पंचानं गोल रद्द केला. पडेगाव एका गोलानं हरलं.

शिट्टी वाजताच सगळे माझ्याभोवती जमले. पडेगावचा कॅप्टन मामांना म्हणाला, "काका, जावई तुमचा आन् टीम बी तुमचीच. आम्ही काय समजायचं?"

मामांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी या मैदानावर आयुष्य काढलं. माझा माणूस खोटं बोलणार नाय. त्यालाच विचारा."

दाढीवाला पुढं आला. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "भाऊ, सच बोलो. मैं आगे था क्या?"

मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी होती.

"हो," मी म्हणालो. "पुढं होता."

त्यानं मान डोलावली आणि तो गेला. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी जाईपर्यंत तो हात तिथंच होता असं मला वाटत राहिलं.

संध्याकाळी कुणीतरी त्या गोलचा व्हिडिओ पाठवला. त्यात गर्दीची डोकीच दिसत होती. बायकोनं तो दोनदा बघितला आणि मला हळूच विचारलं, "होता का खरंच?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." मग सगळंच सांगितलं, फोटोपासून, पोह्यांपासून. तिनं फोन उपडा ठेवला. म्हणाली, "मला सांगितलंत, ठीक. पण माझ्या बापानं आज सगळ्यांसमोर तुमच्यासाठी शब्द दिला."

सकाळी मामा अंगणात पाइपानं ड्रम भरत होते. मी जवळ जाऊन सांगितलं. ते ऐकत राहिले, ड्रम भरून पाणी वाहायला लागलं तरी पाइप तसाच.

"म्हणजे बघायला आला तेव्हा पण खोटं?"

"हो."

"गुडघा?"

"काही झालेलं नाही."

"तिनं अकरा वर्षं तेल दिलं तुम्हाला." त्यांनी नळ बंद केला. "ते घरातलं हाय, ते ऱ्हाऊ द्या. कालचं त्या पोराचं हाय. मला सांगून काय उपयोग? चला."

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी पडेगावला गेलो. दौलताबाद रस्त्यावर दाढीवाल्याचं पंक्चरचं दुकान होतं. मामा स्कूटरपाशीच थांबले. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मी म्हणालो, "काल तुम्ही पुढं होता की नाही, मला माहीत नाही. मी बघतच नव्हतो. मला खेळ येत नाही."

"फिर झंडा क्यों उठाया?"

"लोक ओरडले म्हणून."

त्यानं ट्यूब बाहेर काढून पुसली. "मैं बोलूंगा तो बोलेंगे, हारे हुए का रोना है," तो म्हणाला. "कॅप्टन को तुम बोलो." त्यानं हात पुसून फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. मी तेच परत सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. दाढीवाला पुन्हा कामाला लागला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

निकाल बदलला नाही, पंचाचा निर्णय शेवटचा असतो म्हणे. मामांनी दुपारी कमिटीत जाऊन राजीनामा दिला. का ते सासूबाईंना त्यांनीच सांगितलं असावं, कारण रात्री जेवताना सासूबाईंनी मला भाकरी वाढली, पण आणखी घ्या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी छावणीची फायनल होती आणि आमची गाडी संध्याकाळची होती. आम्ही सगळे समोरच्या खोलीत बसून होतो. मैदान दोन गल्ल्या सोडून आहे, लोकांचा आवाज तिथवर येतो. एकदा मोठा गलका झाला तशी मुलगी म्हणाली, "आजोबा, गोल झाला." मामा उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं गरम होतंय म्हणून सासूबाईंनी ती परत उघडली. मग कुणी उठलं नाही. मॅच संपेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.