पुसलेल्या फोनमधला अलार्म

भुताखेताच्या असल्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण झालं ते झालं.

बीडमध्ये आमचं किराणा दुकान आहे. छंद मात्र मोबाईलचा. घरात बायकोनं शिलाई मशीनचं नाव काढावं आणि फोनवर लगेच त्याच्याच जाहिराती — वैताग आला होता नुसता. म्हणून उमापूर गावच्या, ओळखीतल्या दत्ताकडून एक जुना फोन घेतला. त्याचा बूटलोडर, म्हणजे कंपनीचं आतलं कुलूप, उघडलं. सगळा डेटा पुसला, दुसरी सिस्टिम टाकली. सिम नाही, अकाउंट नाही, वायफायसुद्धा जोडलं नाही. आपल्याबद्दल काहीच माहीत नसलेला फोन!

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जेवायला बसलो आणि तो वाजला. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत, फक्त अलार्मचं नाव मराठीत — ‘आईची गोळी’.

म्हटलं, दत्ताचं काहीतरी मागे राहिलं असेल. पुन्हा सगळं पुसलं, नव्याने सिस्टिम टाकली. पुढच्या दुपारी परत तेच. अलार्मची यादी उघडली, तर ती रिकामी!

पल्लवी, माझी बायको, म्हणाली, “अहो, बंद करून ठेवा तो. मला नाही बरं वाटत.”

पण डोक्यातून जाईना. दत्ताची आई आजारी असेल, किंवा... असं फोनवर कसं विचारणार? सकाळीच गाडी काढली आणि उमापूर गाठलं. दत्ता कापसात फवारणी करत होता.

“माझी आई?” तो हसलाच. “ती मी ल्हान असतानाच गेली की. म्या असला अलार्म कधी लावलाच न्हाई. कावून इचारताय?”

मी सगळं सांगितलं. त्याचं हसू ओसरलं. पाठीवरचा पंप खाली ठेवत तो म्हणाला, “भाऊ... तुमची आई कशी हाय?”

आईला बीपीची गोळी चालू आहे. तिची ती घेते, आम्ही कधी बघतसुद्धा नाही.

पल्लवीला फोन लावला. “आईकडे जा. आत्ता!”

ती बोलत बोलतच आत गेली. मग तिचा आवाज फाटला — “अहो, आईंना नीट बोलता येईना... तोंड वाकडं झालंय!”

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिने आईला दवाखान्यात नेलं. मी उमापूरहून बीडपर्यंत कसा आलो, आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, उशीर झाला असता तर अवघड होतं.

बोलता यायला लागल्यावर आई ओशाळून म्हणाली, “लई बरं वाटत होतं रे, म्हणून सोडल्या गोळ्या. तुमी रागवाल म्हणून कुणाला सांगितलं न्हाई.”

त्यानंतर तो फोन वाजला नाही. मोबाईलवाल्या ग्रुपवर विचारलं. जुना डेटा राहिला असेल, म्हणाले. पण दत्ताने लावलाच नव्हता, तर राहील काय?

आई आता चालते-फिरते. परवा धीर करून तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “मी तर कुणालाच बोलले नव्हते... मग त्या फोनला कुणी सांगितलं?”

फोन कपाटात पडून आहे. विकवत नाही... आणि चालूही करवत नाही.