नणंदेच्या खड्ड्यातली पंगत

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात गवत उगवलं म्हणून साकोलीहून पेढे आणवणारी बाई एकच, आणि पोरांनो, ती माझी धाकटी नणंद, म्हणजे तुमची आत्याआजी आहे! महामार्ग रुंद करताना तिच्या वाट्याच्या माळावरचा मुरूम खणून नेला आणि मागे उरला लालभडक खड्डा. दुसरी बाई हळहळली असती. ही काठावर खुर्ची टाकून बसली, आता इथे कोण कोण येतं ते बघायला. पावसाळ्यात मुरमावर हिरवट शेवाळ धरलं, तर हिने त्यावर हळदकुंकू वाहिलं. कुसळी गवत उगवलं त्या सकाळी तर मला पोळी तव्यावर सोडून पळायला लावलं. "अगं, गवत सगळीकडेच येतं," मी धापा टाकत म्हणाले. "सगळीकडं येते वो वयनी, पन इथं आजच आलं ना!"

कॉलेजात मी याला 'सक्सेशन' म्हणायला शिकले होते: उघड्या जमिनीवर आधी शेवाळ, मग गवत, मग झुडपं, मग मोठी झाडं, आणि प्रत्येकाने कुजून पुढच्यासाठी माती करून ठेवायची. माझ्यासाठी तो परीक्षेतला प्रश्न होता, तिच्यासाठी ते लग्नघर झालं. तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, पंगत उठली, बोरींची बसली, त्या बुलबुलांच्या पोटातून आलेल्या. मागोमाग वाऱ्यावर बसून पळस आला. मला मेली नीटनेटकेपणाची खोड. कोपरा भुंडा दिसतो म्हणून मी गुपचूप गुलमोहराचं रोप लावलं. संध्याकाळी ते बादलीत घालून माझ्या ओट्यावर परत! "मंधातच कायले बसवला वो याले? पंगत मोडते." तिला वाट होती ती मोहाच्या झाडाची. तो आला की जंगल परत आलं, असा तिचा हिशोब.

पण तिचं शेत पाहणारा माझा पुतण्या इतकी वर्षं थांबून कंटाळला होता. "हा उन्हाळा पाहतो, आत्या. नुसती झुडपंच राहिली त जेसीबी बोलावतो. तळ्यातला गाळ टाकून धान लावाले बांधी करतो." तिने हसत कबूल केलं. आणि चैत्रात शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवला; ठिणगी उडाली नि सगळा खड्डा काळा झाला. माझी अखंड बोलणारी नणंद खुर्ची घडी करून घरी आली. जेवली नाही. पुतण्याने जेसीबीवाल्याला फोन केला.

वैशाखातल्या रणरणत्या सकाळी तो जागा मोजायला गेला, आणि तिथूनच ओरडत सुटला, "आत्या, ये वो लवकर! जळल्या खुंटातून पळस फुटून राहिला! मुळं जित्ती हायत!" आम्ही दोघी अनवाणी धावलो. राखेतून तांबूस, लुसलुशीत कोंब! पुतण्या त्यांच्याभोवती असा नाचत होता की मी त्याला, पाय बघून टाक, म्हणून दटावलं. जेसीबीवाल्याला त्याने तिथूनच नको म्हणून कळवलं.

मग तो आनंदाने म्हणाला, "आता मोहही यीन, आत्या."

"यीन ना," ती म्हणाली. "पन तवा आपन नाई राहू, वयनी." सत्तरी दोघींचीही उलटली आहे. तिने माझ्या पायाखालची राख पाहिली आणि हळूच माझा दंड धरला.

"जराशी सरक वो. इथं यीन तो."

मी सरकले.