पाच फुटांची खूण

निजामाच्या अमलात मी आदिलाबादच्या एका सरकारी शाळेत ड्रिल मास्तर होतो. सकाळी कवायत घ्यायची आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल खेळवायचा, एवढंच माझं काम. दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या शाळांचे सामने होत आणि सगळ्या शाळा एकाच गटात खेळत. आमच्याकडे दारात येईल त्याला घ्यावं लागे. गावातली खासगी शाळा मात्र बोर्डिंगची होती. ते लांबून खेळाडू हेरून आणायचे, त्यांना दूध-अंडी घालायचे, आणि एखादा फारच चांगला निघाला तर वर्ष-दोन वर्षं त्याच वर्गात बसवून ठेवायचे.

एका वर्षी पावसाळा सरताना सरावाच्या सामन्यात त्यांच्या मिशा फुटलेल्या पोराची धडक बसून माझ्या संघातल्या एका बारक्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. त्याची आई आली. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, एवढ्या मोठ्याच्या समोर याले काऊन उभं केलं?"

आठ दिवसांनी मी उर्दूत अर्ज लिहिला. पोरं निवडून घेणाऱ्या शाळा आणि येईल त्याला घेणाऱ्या शाळा एका गटात ठेवू नयेत, अशी मागणी केली. हेडमास्तरांनी तो वाचला आणि सही करायला नकार दिला. खासगी शाळेच्या मालकांची अधिकाऱ्यांत ऊठबस होती. शेवटी तो माझ्या एकट्याच्या सहीनं गेला.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. शिक्षणखात्याच्या कचेरीचा चपराशी शाळेच्या फाटकातून आत आला की बदलीचा हुकूमच आला असं वाटायचं. उटनूरच्या जंगलात बदली झाली तर तिथल्या हिवतापाचं काय, हे बायको बोलून दाखवायची नाही; पण लहान्याचे गरम कपडे तिनं वर काढून ठेवलेले मला दिसत होते.

बदली आली नाही, बोलावणं आलं. शिक्षणखात्याच्या साहेबांनी दोन्ही शाळांच्या मास्तरांना समोर उभं केलं. ते शांतपणे उर्दूत म्हणाले की शाळा सरकारी की खासगी हे पाहून सरकार भेद करणार नाही; भेद करायचा तर पोरांच्या उंचीत करावा. पाच फुटांच्या आतले लहान गटात, वरचे मोठ्या गटात. सामन्यांच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारची सुट्टी सोडून एका दिवशी कचेरीच्या ओसरीवर सगळ्यांची मापं होतील.

मी मान हलवली. हे न्याय्यच होतं. घरी येताना अर्ध्या वाटेत आमचा गोलकीपर आठवला. तो पाच फुटांच्या वर गेला तर?

तो तामसीकडचा, ज्वारी-कापूस करणाऱ्या घरातला. त्याच्या गावात शाळा उशिरा आली, म्हणून पहिलीत बसला तेव्हाच तो दहा वर्षांचा होता. बाप त्याला शेतात ओढत होता. मी दोनदा बैलगाडीनं त्या गावी जाऊन बापाची समजूत घातली होती. पोरगं शाळेत टिकलं होतं ते केवळ फुटबॉलच्या ओढीनं. आणि मोठ्या गटात उतरवायला माझ्याकडे अकरा मोठी पोरं कुठं होती?

मापाच्या दिवशी ओसरीच्या खांबावर गेरूनं खूण केली होती. पोरं रांगेत उभी राहिली. गोलकीपर उंचीनं बेताचाच होता, पण रुंद. खुणेच्या आत बसेल की बाहेर जाईल, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नव्हतं. त्याची पाळी यायला तीन पोरं उरली तेव्हा तो माझ्याजवळ सरकला.

"गुरुजी, गुडघे जरा वाकवू काय? पायजम्यात दिसत नाई."

कारकून खरंच फक्त डोक्याकडे बघत होता. तो क्षण मला अजून लाजवतो, कारण 'वाकव' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मग पुढचं पोर खांबाला टेकलं आणि मी म्हणालो, "ताठ उभा राय."

तो ताठ उभा राहिला. बोटभर वर गेला.

खासगी शाळेची सहा पोरं लहान गटातून बाहेर गेली, आमची चार. त्यांच्याकडे सहांच्या जागी सहा तयार होते आणि मोठ्या गटातही त्यांचा पुरा संघ होता. आमच्या चौघांना खेळायला जागाच उरली नाही. हेडमास्तर म्हणाले की मी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. मी त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहिला. सरकारी शाळांमधली अशी उरलेली मोठी पोरं एकत्र करून त्यांचा एक संघ उतरवू द्यावा, अशी विनंती केली.

त्याचं उत्तर सामन्यांपर्यंत आलं नाही. लहान गटात आम्ही खासगी शाळेशी एका गोलनं हरलो. सगळा वेळ माझं लक्ष चेंडूवर नव्हतं, कोण पडतंय यावर होतं. कुणी पडलं नाही. गोलकीपर आमच्या गोलच्या मागं उभा राहून नव्या पोराला कुठं सरकायचं ते सांगत होता.

कापूस वेचणीला बापानं त्याला घरी नेलं. मी पुन्हा गेलो, पण यावेळी फुटबॉलचं आमिष माझ्याजवळ नव्हतं. बापानं चहा दिला आणि नम्रपणे म्हणाला, "आता खेळ बी नाई म्हंते तो. मंग काऊन ठेवू तिथं?" पोरगं शेतातून आलं, माझ्या पाया पडलं आणि नवा गोलकीपर आता कसा खेळतो ते विचारत बसलं.

दुसऱ्या अर्जाची मंजुरी उन्हाळ्यात आली. पुढच्या हिवाळ्यात तीन सरकारी शाळांच्या मोठ्या पोरांचा संघ उतरला आणि एक सामना जिंकलाही. मी आमच्या जुन्या गोलकीपरला निरोप पाठवला होता. तो आला नाही. कापूस वेचणी अजून लागली नव्हती, तरी आला नाही.